तीन नंबरचा काटा

मेल दाखवला तेव्हा आप्पा शेंगा फोडत होते.
नवी कंपनी, आणि पहिल्याच दिवसापासून डावी खुर्ची.
"डावी म्हंजे?"
म्हटलं, मोटारीच्या उलटं असतं, आप्पा.
विमानात डावीकडे बसतो तो कॅप्टन,
खांद्यावर चार पट्ट्या, शेवटचा शब्द त्याचा.
"आणि उजवीकडं?"
उजवीकडे जो कोणी असेल
तो त्याच कंपनीत नऊ वर्षं आहे.
हे मी जरा हळू म्हणाले.

मग मीच बोलत सुटले.
की माझ्या वहीतले चार हजार दोनशे तास
कुणी खिरापत म्हणून वाटलेले नाहीत.
कराडच्या धावपट्टीवर कडेची कुत्री हाकलत शिकले,
पुढे अकराशे तास कॅप्टनच होते की,
कंपनी बुडाली ती ऐन दिवाळीत,
त्यात माझं काय चुकलं?
आता पुन्हा पोरांच्या रांगेत शेवटी उभं राहू?
ढगाला कळतं का
कुणाची सेवा किती वर्षांची ते?

आप्पांनी टरफलं गोळा केली.
"आमच्यात रामसजीवन आला हुता," म्हणाले.
"बस्तीचा. तू दुसरीत आसशील."

आप्पा तेव्हा कारखान्यात दुय्यम पॅनमन.
बारा गळीत हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली,
थोरले पॅनमन निवृत्त झाले त्या वर्षी
आईनं नव्या शर्टाचं कापडसुद्धा आणलेलं.
चेअरमननी बाहेरून माणूस आणला.

"हात सोन्याचा गड्याचा," आप्पा म्हणाले,
आणि अंगठा नि बोट जुळवून
हळूहळू लांब केलं,
मध्ये पाकाची तार असावी तसं.
"काचंवर थेंब घ्यायचा, दिव्याकडं बघायचा,
दाणा मोजून सांगायचा. खोटं कशाला बोलू.
माझ्यापरीस भारी हुता."

"पर तीन नंबरच्या पॅनचा काटा
व्हॅक्यूम दोन इंच जास्ती दावायचा.
कुठं लिवलेलं नव्हतं ते.
आमाला सवयीनं ठावं.
त्यो नवा. त्यो काट्यावर इस्वास ठिवून रस घेत गेला."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

आप्पांनी एक शेंग उचलली, फोडली नाही.
"सांगितलं.
पाच मिन्टानं सांगितलं."

बाहेर उसाची ट्रॉली गेली, गाणी लावून.
ती पार ताकारीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

"खोटा दाणा धरला सगळ्या पॅननं.
पाणी मारून रातभर परत वितळवली साखर.
रामसजीवन काय बोलला न्हाई. नुस्तं बघितलं माझ्याकडं.
त्याला कळलं हुतं.
साखरंचं बरं आसतंय, सन्मती,
साखर परत वितळती."

रात्री मेलला उत्तर लिहायला बसले.
पगार, तारीख, प्रशिक्षणाचे दिवस, सगळं विचारलं.
मग खाली एक ओळ:
माझ्या उजवीकडे कोण बसणार आहे, त्यांचं नाव कळेल का?
ती खोडली. पुन्हा लिहिली.
असं कुणी विचारत नाही, वेड्यात काढतील.
आणि नाव कळून तरी काय करणार होते मी,
फोन करून म्हणणार होते का,
की दादा, तुमची खुर्ची घेतलीय,
तेवढी पाच मिनिटं मात्र गप्प बसू नका?

सकाळी आप्पा स्टेशनापर्यंत सोडायला आले.
गाडी मी चालवत होते.
ते डावीकडे बसलेले, कॅप्टनच्या जागी,
मांडीवर माझी टोपी, पिशवीत शेंगांची चटणी.
रस्ता नवा केलेला, काळाभोर.
मी वेग घेतला.

"हळू," ते लगेच म्हणाले.
"म्होरं गतिरोधक हाय.
पट्टं मारलं न्हाईत अजून."